मालक कुटुंबप्रमुख होतो तेव्हा

मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील टोकाला लवळे आहे. तेथील डोंगरावर आज विद्यापीठे उभी आहेत आणि त्यांतून व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, आंबवण्याच्या परिसरात, 'ॲम्बी व्हॅली' ही धनिकांची वसाहत पसरली आहे. मालकाने प्रेमाने जवळ घेतलेल्या नोकराचे पुढे काय होते, हा व्यवस्थापनशास्त्रातला महत्त्वाचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या पदवीधरांना तालुक्याबाहेर जाण्याची गरज नाही.

ॲम्बी व्हॅली उभारणाऱ्या 'सहारा' समूहाचा आरंभ 1978 साली गोरखपूरला झाला. त्याचे सर्वेसर्वा सुब्रत रॉय यांनी स्वतःला मालक कधी म्हणवून घेतले नाही. त्यांचे अधिकृत पद होते 'मॅनेजिंग वर्कर', म्हणजे व्यवस्थापक-कामगार! समूहाचे नाव 'परिवार', नोकर म्हणजे 'कर्तव्ययोगी', अभिवादन छातीवर हात ठेवून 'सहारा प्रणाम', आणि या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या तत्त्वज्ञानाचे नाव 'कलेक्टिव्ह मटेरियलिझम', अर्थात सामूहिक भौतिकवाद. समाजवादाची परिभाषा इतक्या सफाईने पळवून नेणारा दुसरा भांडवलदार या देशात झाला नसेल. मालक हा शब्दच पुसून टाकला की मालकाविरुद्ध संघटना कशी उभी राहणार? बापाविरुद्ध युनियन काढणारा मुलगा कृतघ्न ठरतो. कुटुंबाच्या या रूपकातली खरी सोय हीच आहे.

याच तालुक्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. टाटांच्या धरणाखाली जमीन जाणार होती, आणि आपल्यासमोर कोण उभे आहे हे त्या मावळ्यांना स्वच्छ दिसत होते. सहाराच्या एजंटाला ते दिसले नाही, कारण समोर उभी असलेली व्यक्ती त्याला मिठी मारीत होती.

या एजंटाचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. कारखानदार मजुराची श्रमशक्ती विकत घेतो आणि तिच्यातून वरकड मूल्य काढतो. इथे विकत घेतली गेली ती माणसाची पत. लवळ्यासारख्या गावातला शिकलेला, बेकार, सरळमार्गी तरुण हेरायचा, त्याला ठराविक पगाराऐवजी कमिशन द्यायचे आणि गावात पाठवायचे. तो पहिली पावती फाडतो ती मावशीची, दुसरी चुलत्याची, तिसरी दूध घालणाऱ्या शेजारणीची. या माणसांनी लखनौच्या कंपनीवर विश्वास ठेवलेला नसतो. त्यांनी विश्वास ठेवलेला असतो अमक्याच्या मुलावर. पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली ही पत कंपनीच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही, पण सारा डोलारा तिच्यावरच उभा असतो. मुदत भरली की रक्कम हाती न देता पुन्हा नव्या योजनेत घालण्याचा आग्रह झाला, अशा तक्रारी ठेवीदारांनी पुढे देशभर केल्या. तो आग्रह करायला दारात उभा होता तो एजंटच, आणि त्याचा स्वतःचाही त्या योजनेवर विश्वास होता. फसवणुकीचे साधन ज्याला बनवले, तो स्वतः आधी फसलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2012 रोजी समूहाच्या दोन कंपन्यांना सुमारे 24,000 कोटी रुपये 15 टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. कागदपत्रे सादर करा म्हटल्यावर 'सेबी'च्या दारात 127 ट्रक उभे केले गेले. 6 मे 2013 रोजी लखनौमध्ये 1,21,653 लोकांनी एकत्र राष्ट्रगीत म्हणून विक्रम केला. देणी थकलेली असताना देशभक्तीचा असा वापर! शेजारच्या मावळात, गहुंजे येथील क्रिकेटच्या मैदानाला रॉय यांचे नाव दिलेले होते. ठरलेले पैसे थकले तेव्हा क्रिकेट संघटनेने 2013 साली ते नाव काढून टाकले. संघटनेला जे जमले ते एजंटाला जमण्यासारखे नव्हते. त्याच्या दारावर कोणाचे नाव लिहिलेले होते?

2014 साली रॉय तिहार तुरुंगात गेले. न्यायालयाने जामिनासाठी 10,000 कोटींची अट घातली, तेव्हा 'परिवारा'तल्या माणसांकडे प्रत्येकी लाख रुपयांचे साहाय्य मागण्यात आले. ज्यांच्या डोळ्यांदेखत पाणी डोक्यावरून गेले होते, त्यांनाच मालकासाठी वर्गणी काढायला सांगितली गेली. आणि त्या हाकेमागचा हिशेब न कळणाऱ्यांना वेडे ठरवणे सोपे आहे. पंचवीस वर्षे ज्याला वडील मानले तो तुरुंगात असताना पैसे मागतो आहे, एवढेच त्यांना दिसत होते.

रॉय यांचे 14 नोव्हेंबर 2023 रोजी निधन झाले. मालक गेला, पण सावरणे कोणाचे झाले? 31 मार्च 2023 पर्यंत 'सेबी'ने परत केलेली रक्कम जेमतेम 138 कोटी होती, आणि तिच्या खात्यात पडून होते 25,000 कोटींहून अधिक. त्याच वर्षी जुलैमध्ये समूहाशी निगडित चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी सरकारने संकेतस्थळ उघडले. सुरुवातीला प्रत्येकाला फार तर 10,000 रुपये, पुढे 50,000 पर्यंत. परंतु तेथे दाद मागता येते ती ठेवीदार म्हणून. ज्याने त्या मावशीचे पैसे स्वतःची जमीन विकून फेडले, त्या एजंटाचे नुकसान कोणत्या रकान्यात भरायचे?

असल्या माणसाला सल्ला मिळतो तो विसरून जाण्याचा, मन खंबीर करण्याचा. लग्नकार्याला जाणे त्याने बंद केलेले असते, बाजाराच्या दिवशी तो मागच्या वाटेने जातो. त्याचा आजार मनाचा नाही, तो हिशेबाचा आहे. देणे दुसऱ्याचे, आणि वसुली त्याच्या दारात. आणि येथे डाव्या चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. 'दलाल', 'मधला माणूस', 'पांढरपेशा' अशी लेबले लावून चळवळीने या वर्गाला दूर ठेवले. सहाराने त्याला 'कर्तव्ययोगी' म्हटले, चळवळीने दलाल म्हटले, कामगार मात्र कोणीच म्हटले नाही.

वास्तविक कायद्यात त्याला आधार आहे. तुकड्यावर काम करणारे, कधीही येणारे-जाणारे शिंपीसुद्धा नोकरच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात 1973 सालीच दिला. नियंत्रण कोणाचे होते, काम कोणाच्या धंद्याचा भाग होते, हे पाहायचे असते. नेमणूकपत्रावरच्या शब्दाला अर्थ नसतो. कमिशनवर राबणाऱ्यांचा दावा या कसोटीवर संघटितपणे का मांडला जाऊ नये?

एप्रिल 2025 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲम्बी व्हॅलीतील 707 एकर जमिनीवर टाच आणली. तिची किंमत 1,460 कोटींच्या घरात सांगितली गेली. या जमिनीच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, यावर वकील पुढची काही वर्षे बोलत राहतील. मुळशीतल्या कार्यकर्त्यांनी तोपर्यंत वाट पाहू नये. ठेवीदार आणि एजंट यांना एकाच सतरंजीवर बसवणारी बैठक गावातल्या शाळेच्या ओसरीवर घेता येते. जुनी पावतीपुस्तके आणि वह्या एजंटाने अजून ट्रंकेत जपून ठेवलेल्या असतात. त्या घेऊन यायला त्याला सांगावे, आणि आणायला जाताना सोबत त्याच्या मावशीला न्यावे.