मूठ तुटली; पण का तुटली?

मोटारीच्या दाराची आतली मूठ तुटली की बहुधा दोनांपैकी एक गोष्ट होते. गॅरेजमध्ये जाऊन नवी मूठ बसवली जाते. नाही तर काच खाली करून, हात बाहेर घालून, बाहेरच्या मुठीने दार उघडण्याची सवय लावून घेतली जाते. माझ्या मते पहिला उपाय अपुरा आहे आणि दुसरा तर सरळ धोक्याचा आहे.

धोका कोणता, ते आधी पाहू. आतली मूठ ही संकटकाळी बाहेर पडण्याची वाट आहे. मोटारीत धूर झाला किंवा ती पाण्यात अडकली आणि वीज बंद पडली, तर विजेवर चालणारी काच खाली येणार नाही. मग बाहेरच्या मुठीपर्यंत हात पोचणार कसा? म्हणून ‘सवडीने बघू’ हे येथे चालत नाही.

आता नव्या मुठीविषयी. मूठ म्हणजे तुमच्या पुस्तकातली तरफच आणि तिची पिन म्हणजे टेकू. समजा, बोटे पिनेपासून ६ सेंटिमीटरवर ओढतात आणि कुलपाकडे जाणारी तार पिनेच्या दुसऱ्या बाजूला २ सेंटिमीटरवर अडकवलेली आहे. तुम्ही २० न्यूटन बल लावले, तर तारेला ६० न्यूटन मिळते. हा झाला तरफेचा फायदा. परंतु पिनेवर दोन्ही बलांची बेरीज येते, म्हणजे ८० न्यूटन! आणि ही पिन धरून ठेवणारा कान बहुधा प्लॅस्टिकचा, काही मिलिमीटर जाडीचा असतो.

दारातले कुलूप धुळीने आणि वाळलेल्या ग्रीसने जड झाले, तर काय होईल? २० ऐवजी ६० न्यूटन लावावे लागले, तर पिनेवर २४० न्यूटन येतील. कानाच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, तेथे बारीक चीर पडते आणि दर वेळी दार उघडताना ती थोडी थोडी वाढते. अखेर एके दिवशी मूठ हातात येते. अशा वेळी दोष मुठीचा वाटतो. पण कारण असते कुलपात. कुलूप तसेच ठेवून नवी मूठ बसवली, तर तीही त्याच वाटेने जाणार.

म्हणून दाराचे आतले अस्तर काढल्यावर प्रथम तार हाताने ओढून पाहावी. जड लागली, तर कुलूप साफ करून वंगण द्यावे. तार गंजली असल्यास बदलावी. नवी मूठ त्यानंतर. तुटलेला कान चिकटवून भागेल का? सहसा नाही. चिकटणारे क्षेत्रफळ अगदी लहान आणि बल मात्र पूर्वीइतकेच! हे काम मोठ्या माणसांबरोबरच करा. दारात विजेच्या तारा असतात, काही मोटारींत एअरबॅगही असते. म्हणून आधी गाडीची पुस्तिका वाचा.

२४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हे योग्यच आहे. परंतु कारण शोधण्याची सवय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. ती शाळेतच लागली पाहिजे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की तरफेच्या धड्याच्या दिवशी गॅरेजमधून एक तुटकी मूठ मागून आणावी. मुलांनी फूटपट्टीने दोन्ही अंतरे मोजावीत, पिनेवरचे बल काढावे आणि चीर कोठून सुरू झाली, ते भिंगातून पाहावे. एरवी ती मूठ भंगारातच जाणार होती.