तार कोठवर आली?

सरकारी पैशातून घरोघर इंटरनेट नेण्याचे काम आज अनेक देशांत चालले आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ते कोणाच्या घरी पोहोचले आणि कोणाच्या नाही, हे सांगायचे कोणी? पैसा आकड्यांच्या मागून जातो; म्हणून आकडा खोटा पडला, तर गरजू माणूस उपाशीच राहतो.

अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथील केंद्रीय दळणवळण आयोग कित्येक वर्षे कंपन्यांनी भरून दिलेल्या तक्त्यांवर विसंबून होता. जनगणनेसाठी पाडलेल्या एका विभागात एकाच घरी सेवा मिळत असली, तरी सगळा विभाग सेवा मिळालेला धरला जाई. शहरात असा विभाग म्हणजे चार रस्त्यांमधली घरे. खेड्यात तोच मैलोगणती पसरलेला! 2019 साली तर कळस झाला. एका कंपनीने 8 राज्यांत सर्वत्र आपली सेवा आहे, असे लिहून दिले होते. ते खरे मानल्यामुळे आयोगाच्या मसुद्यात ठरलेल्या वेगाच्या इंटरनेटपासून वंचित लोक 1 कोटी 94 लाख दिसले. बाहेरच्या एका संस्थेने चूक दाखवली. दुरुस्तीनंतर आकडा 2 कोटी 13 लाख झाला. सुमारे 19 लाख माणसांना केवळ कागदावर इंटरनेट मिळाले होते.

पुढे 2020 साली कायदा झाला आणि 2022 मध्ये घरागणिक नकाशा निघाला. त्याच्याच आधारे 2023 मध्ये 4,245 कोटी डॉलरच्या निधीचे राज्यवार वाटप ठरले. नागरिकाला हरकत नोंदवता येते, हे उत्तम. पण ज्याच्या घरी इंटरनेट नाही, त्याने ती इंटरनेटवरूनच नोंदवायची, हा न्याय आम्हांस विचित्र वाटतो.

आपल्या पूर्वजांच्या देशातही 2011 साली मंजूर झालेल्या योजनेचे, आजच्या भारतनेटचे, मोजमाप मुख्यतः ग्रामपंचायतीवर झाले. पण पंचायतीच्या कचेरीत तार आली, म्हणजे कोकणातल्या दूरच्या वाडीत आली असे नव्हे. आपल्या रॉड्रिग्जला 2019 मध्ये समुद्राखालची तार पोहोचली. तेथेही बेटाला तार लागणे वेगळे आणि डोंगरावरच्या घरात ती चालणे वेगळे.

आमचे मागणे साधे आहे. जेथे जनतेचा पैसा लागतो, तेथे कोणत्या घरी जोडणी झाली आणि मोजून किती वेग मिळतो, याची यादी व्हिलेज कौन्सिलच्या फलकावर लावावी, आणि हरकत तोंडी वा कागदावरही घ्यावी. काम करणाऱ्यानेच स्वतःला गुण द्यावेत, ही रीत शाळेत चालत नाही. मग सरकारी तिजोरीच्या बाबतीत का चालावी? आपल्या घरी तार आली की नाही, याचा पहिला साक्षीदार त्या घरचा माणूसच असला पाहिजे.