बिनसनदीची खबर

ऑगस्ट लागला की आमच्या भागात दोन प्रकारची वाट पाहणं सुरू होतं. हर्णै बंदरात खलाशी समुद्र निवायची वाट पाहतात. आणि मुरुडात (दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे) मगरिबनंतर किनाऱ्यावर बसलेली आमची पोरं अ‍ॅपलच्या सप्टेंबरातल्या जलशाची वाट पाहतात. नवा आयफोन किती पातळ, कॅमेरा कसा, रंग कोणता, दुबईहून मागवला तर कितीला पडेल, सगळं तोंडपाठ. फोन अजून कुणी पाहिलेला नाही, पण बोलणं असं की जणू आत्ताच कारखान्यातून उठून आलेत.

विचारलं, "कुणी सांगितलं?" तर उत्तर एकच, "लीक झालंय."

हा 'लीक' शब्द मोठा फसवा आहे. 2010 साली आयफोन 4चा नमुना कंपनीचा एक अभियंता कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये विसरला, गिझमोडो या संकेतस्थळाने तो 5000 डॉलरला विकत घेतला आणि उघडून फोटो छापले. प्रकार वाईट असेल, पण वस्तू खरी होती, हातात होती. आजच्या बहुतेक लीकचं तसं नसतं. एक जण काहीतरी लिहितो. दुसरा त्यावर व्हिडिओ करतो. तिसरा त्या व्हिडिओवरून मराठीत बातमी देतो, 'सूत्रांच्या माहितीनुसार' असं ठोकून. चाळीस ठिकाणी वाचल्यावर आपल्याला वाटतं, चाळीस जणांची साक्ष झाली. साक्ष एकाचीच असते. बाकीचे एकोणचाळीस प्रतिध्वनी.

हे आपल्याला वेगळं शिकवायची गरज पडू नये. हदीसच्या अभ्यासकांनी हजार वर्षांपूर्वी हाच फरक केला होता. प्रत्येक पिढीत अनेक स्वतंत्र माणसांनी सांगितलेली ती मुतवातिर, तशी नसलेली ती खबर-ए-वाहिद. मग त्या वाहिदची सनद तपासायची: कोणी कोणाकडून ऐकलं, माणूस विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती. इमाम बुखारींनी तर दोन रावींची खरोखर भेट झाल्याचा आधार मागितला. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर आली की आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान करून बसाल, असा स्पष्ट हुकूम आहे. मदरशात हे शिकवतात, जुम्याच्या बयानात ऐकवतात, आणि मशिदीच्या पायऱ्या उतरताच आपण बिनसनदीची खबर पुढे ढकलतो.

या रावींचा इतिहास तरी पाहा. अ‍ॅपलचा टीव्ही संच येणार, हे कित्येक वर्षं ऐकलं. आला नाही. अ‍ॅपलची मोटार सुमारे दहा वर्षं 'लवकरच' होती. फेब्रुवारी 2024 मध्ये तो प्रकल्पच गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. एअरपॉवर नावाची चार्जिंगची चटई तर कंपनीने स्वतः 12 सप्टेंबर 2017 रोजी मंचावरून जाहीर केली आणि मार्च 2019 मध्ये रद्द केली. जिथे मालकाचा शब्द टिकला नाही, तिथे शेजाऱ्याच्या कुजबुजीची किंमत काय?

यात फायदा कोणाचा होतो? कंपनीला फुकट जाहिरात मिळते. चॅनलवाल्याला व्ह्यूज मिळतात. आपल्याला काय मिळतं? खिशातला धड चालणारा फोन आपल्याच नजरेतून उतरतो, आणि घरात नव्या हप्त्याची भाषा सुरू होते.

"अहो, करमणूक आहे. यात कोणाचं काय जातं?" असं एका पोराने मला ऐकवलं. त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. क्रिकेटच्या संघात कोण असेल यावरही आपण पैजा न लावता वाद घालतोच. अंदाजाला अंदाज म्हणा, माझी हरकत नाही. हरकत आहे ती अंदाजाला खबरेचे कपडे घालण्याला. कारण ज्या अंगठ्याने फोनची अफवा पुढे जाते, त्याच अंगठ्याने दुसऱ्याही जातात.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपला भारतात फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा घालावी लागली. 2020 मध्ये तब्लिगच्या नावाने काय काय फिरलं, ते आपण अंगावर घेतलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी परदेशी तब्लिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. पण तोवर महिने उलटले होते. फोनच्या जाडीची अफवा आणि ही अफवा सारखी नाही, एवढं मलाही कळतं. सवय मात्र एकच आहे. जो समाज अफवेने पोळला, त्याने तरी ती सवय जोपासू नये.

आणखी एक नुकसान आहे, ते दिसत नाही. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये मासेमारी नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. यंत्र इस्रोने विकसित केलेलं. मोबाइलची रेंज संपते तिथेही नौकेवरून उपग्रहामार्फत संदेश जातो आणि येतोही. बरोबर दहा दिवसांनी, 9 सप्टेंबरला, अ‍ॅपलचा जलसा झाला. मुरुडपासून हर्णै हाकेच्या अंतरावर. पण महिनाभर चर्चा झाली ती आयफोन 16च्या बाजूला बसवलेल्या नव्या बटणाची.

3 जून 2020चं निसर्ग वादळ आठवा. माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, टॉवर मुके झाले. आखातातली माणसं आईबापाचा आवाज ऐकायला तळमळली. उपग्रहावरून मदत मागायची सोय आयफोन 14मध्ये 2022 साली आली, पण भारतातल्या गिऱ्हाइकाला ती मिळाली नाही. आपल्या किनाऱ्याला ज्या गोष्टीची खरी गरज होती तीच आपल्याला मिळाली नाही, आणि कॅमेऱ्याच्या गप्पांत हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही.

म्हणून पोरांना दोन कामं सांगतो. एक कागद घ्या. ऐकलेली प्रत्येक 'लीक' सांगणाऱ्याच्या नावासकट लिहा आणि जलसा झाल्यावर ताडून पाहा. कोणत्या रावीला पुढच्या वर्षी दारात उभं करायचं ते तुम्हालाच कळेल. दुसरं, संध्याकाळी लिलावाला हर्णैत जाल तेव्हा तांडेलांना विचारा, कोणाच्या नौकेवर ते यंत्र बसलं, चालतं का, खोल समुद्रातून संदेश आला का. ती खबर मला आणून द्या. तिला सनद असेल.