फळीवरचा डबा

बाळंतिणीच्या खोलीत काय असावे हे आपल्याकडे पूर्वापार ठरलेले आहे. शेकशेगडी, ओव्याची पुरचुंडी, बाळंतशेपा, डिंकाच्या लाडवांचा डबा, अळिवाची वाटी. गेल्या काही वर्षांत या यादीत गुपचूप एका वस्तूची भर पडली आहे. फळीवर, ग्राइप वॉटरच्या बाटलीमागे, पावडरच्या दुधाचा एक सीलबंद डबा. ‘असू द्या आपला घरात, अडीअडचणीला.’

एरंडोलला आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात शेजारची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. डबा जावईबापूंनी जळगावहून येताना आणला. हेतू चांगलाच होता, लागला तर लागला, नाही तर राहील पडून. पण असा डबा पडून राहत नाही, हेच मला सांगायचे आहे. बाळ बारा दिवसांचे असताना एके रात्री दोन वाजता रडायला लागले ते थांबेना. दिवे गेलेले, उकाडा मरणाचा, पोरीला तीन रात्रींची झोप नाही. आजी म्हणाली, “अगं, पोट भरत नसेल त्याचं. आहे ना डबा घरात!” बाटली भरली गेली, बाळ चार तास झोपले आणि घराने त्या डब्याला दुवा दिला. दुसऱ्या रात्री कोणी विचारलेही नाही. महिन्याभरात दिवसाला तीन बाटल्या झाल्या. दीड महिन्याने ती मुलगी मला विचारत होती, “काकू, माझं दूध मुळातच कमी होतं का हो?”

नव्हते. निदान तसे मानायला काही कारण नव्हते. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओले करत होते आणि वजनही चढत होते. दूध पुरते की नाही याच्या खऱ्या खुणा याच. रडणे ही नव्हे. बाळ भुकेने रडते तसे उकाड्याने, पोटातल्या वायूने, नुसते कुशीत घ्यावे म्हणूनही रडते. वाढीचे काही दिवस असे येतात की ते तासातासाला अंगावर मागते. आईला वाटते, आपण रिकाम्या झालो. वास्तविक बाळ त्या वेळी पुढच्या आठवड्याची मागणी नोंदवत असते. आईचे दूध टाकीतल्या पाण्यासारखे नाही, विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. उपसावे तसे येते. त्यातही दूध तयार करणारे संप्रेरक रात्रीच्या पाजण्याने अधिक स्रवते. नेमकी रात्रीची वेळ बाटलीने घेतली की झऱ्याला निरोप जातो, ‘आता तेवढी गरज नाही.’ मग दूध खरोखरच कमी होते आणि आजीचे म्हणणे खरे ठरते!

हा डबा घराघरांत आपोआप आलेला नाही. एके काळी गुबगुबीत बाळांची चित्रे डब्यांवर असत, प्रसूतिगृहांत फुकट नमुने वाटले जात. जगभर त्याविरुद्ध ओरड झाली आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विक्रीची आचारसंहिता केली. डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी ‘बीपीएनआय’ ही संस्था स्थापन झाली. १९९२ साली संसदेने कायदा केला, तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर बाळाचे वा बाईचे चित्र नाही. इतके असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? देशातली जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे जेमतेम ४२ टक्के. म्हणजे डॉक्टर, नर्स, खाट सगळे आहे, फक्त आईपाशी बसून बाळ कसे धरायचे ते दाखवायला कोणाला सवड नाही. ती रिकामी जागा डबा भरून काढतो.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘अंगावरच पाज’ एवढेच बजावून बाईला गुन्हेगार ठरवणारेही पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्यात ज्यांनी कधी मूल पाजले नाही असे पुरुष जास्त! आई फार आजारी असते, तिला कर्करोगावरची औषधे चालू असतात, बाळाला काही जन्मजात विकार असतो, क्वचित दूध खरोखरच कमी असते. आई नसलेलीही बाळे असतात. अशा वेळी डबा हे वरदानच आहे, त्यात शरम कसली? फक्त तो डॉक्टरने बाळाला तपासून, वजन पाहून सांगितलेला असावा. रात्री दोन वाजता घाबरून उघडलेला नसावा. फार अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तर दुसऱ्या आयांचे दूधही मिळू शकते. मुंबईत शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. खानदेशातल्या आईला हे माहीत असणे फळीवरच्या डब्याइतकेच कामाचे आहे.

आणि डबा वापरायचाच तर तो कसा, हे तरी घरात कुणाला ठाऊक असते? पावडर निर्जंतुक नसते. उकळून जरासेच निवलेल्या, चांगल्या गरम पाण्यात ती कालवायची आणि कोमट झाल्यावर द्यायची. डब्यावर लिहिलेले माप तसूभरही बदलायचे नाही. उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवायचे नाही. नळाला उन्हाळ्यात दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावांत बाटली आणि बूच स्वच्छ ठेवणे किती अवघड, हे सांगायला नको. आमच्या शेजारच्या बाळाला मे महिन्यात जुलाब लागले, सलाईन लावावे लागले. सुदैवाने निभावले. शिवाय पैशाचे पाहा. संपूर्ण डब्यावर असलेल्या तीन महिन्यांच्या बाळाला चारशे ग्रॅमची पावडर चार दिवससुद्धा धड पुरत नाही. कापूस वेचायला जाणारी बाई हा खर्च कुठून करणार? मग एका मापात दोन मापांचे पाणी पडते. दूध पांढरे दिसते, बाळ मात्र वाळत जाते.

डब्याच्या जागी काय ठेवावे, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, आजीच्या ट्रंकेतले बोंडले काढा. आईने हाताने काढलेले दूध झाकून थंड जागी तीन-चार तास टिकते, मेच्या उन्हात त्याहून कमी. फ्रिज असेल आणि दिवे जात नसतील तर बरेच जास्त. ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बाबांनी पाजावे आणि तेवढा वेळ बाळंतिणीने झोपावे. घरात साठा करायचाच तर आईच्या झोपेचा करा. आशाताईंचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि जावईबापूंना सांगा, जळगावहून येताना डब्याऐवजी चार दिवसांची रजा घेऊन या.

त्या मुलीने पुढे हट्टाने बाळाला पुन्हा अंगावर घ्यायला सुरुवात केली. तीन आठवडे लागले, घरच्यांची बोलणी खावी लागली, पण बाटल्या तीनवरून एकीवर आल्या आणि मग तीही सुटली. अर्धा डबा उरला. उघडल्याला महिना होऊन गेलेला, म्हणून बाळाला द्यायचा नाही असे तिने बजावले. आजोबांनी तो चहात घालून संपवला.