नांव नवें, यादी जुनी

घरांतील संगणकावर जुना खेळ नवें ग्राफिक्स कार्ड ओळखीत नाहीं, म्हणून तें सदोष ठरवून दुसरें घेण्याची घाई होते. हा खर्च बहुधा व्यर्थ होय. २००९ सालच्या ‘द सिम्स ३’ या खेळाजवळ कार्डांची स्वतःची यादी असते. पुष्कळ मागाहून निघालेलें कार्ड तींत नसतें. उस्मानाबाद जिल्हा २०२३ सालीं धाराशिव झाला. जुन्या यादींत धाराशिव शोधणारास जिल्हाच सांपडूं नये, तसेंच हें.

प्रथम विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्यें पाहावें. तेथेंही कार्डाची ओळख चुकत असेल, तर योग्य ड्रायव्हर घालावा. तेथें नांव बरोबर असेल, तर खेळाच्या ‘ग्राफिक्सकार्ड्स’ फाइलीची प्रत जपून ठेवून मूळ फाइलींत कार्डाचा क्रमांक व नांव भरावें. पैसा खर्चण्यापूर्वीं यादी कोणत्या सालची तें पाहावें, अशी आमची गृहस्थांस सूचना आहे.