पोरी पळत नाहीत, की पळू शकत नाहीत?

आमच्या गावातल्या एका शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ गेल्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. यंदा त्याच मुली, तेच सर, तेच मैदान; पण पहिल्याच फेरीत चार गोलांनी हार झाली. चहाच्या टपरीवर एकच चर्चा, पोरींचं खेळात लक्ष राहिलं नाही. कुणी मोबाईलला दोष दिला, कुणी सरांना.

तो सामना मी पाहिला. या संघाचा सगळा खेळ धावण्यावर. चेंडू मिळाला की कडेच्या रेषेने सुसाट पळायचे आणि मध्ये पास द्यायचा. पहिली पंधरा मिनिटे खेळ छान झाला. नंतर मात्र एकेक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. चेंडू चार पावलांवरून गेला तरी पाय उचलेना. सर बाहेरून ओरडत होते, "पळा, पळा!"

दोन दिवसांनी सर उजव्या कडेने खेळणाऱ्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, हिला एखादं ताकदीचं इंजेक्शन द्या." मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक. बसल्या जागी नाडी शंभराच्या वर. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 8.4. या वयाच्या मुलीत ते निदान 12 हवे.

येथे एक कबुली देतो. हीच मुलगी सहा महिन्यांत दोनदा माझ्याकडे येऊन गेली होती. दम लागतो, डोके दुखते अशी तक्रार होती. दोन्ही वेळा "अशक्तपणा आहे" म्हणून मी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिले. रक्त तपासले नाही. चूक माझीच. नंतर सगळ्या संघाची तपासणी केली, तेव्हा अर्ध्याहून जास्त मुलींचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली निघाले.

श्वासातून आलेला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवण्याचे काम हिमोग्लोबिन करते. ते कमी असले तरी शाळेत जाणे, घरकाम करणे कसेबसे निभते, कारण हृदय जास्त ठोके देऊन तूट भरून काढते. पण फुटबॉलमध्ये पुन्हा पुन्हा जोरात धावावे लागते. तिथे ही उसनवारी चालत नाही. दोन-चार धावा होतात, मग पाय जड होतात, छाती धडधडते. यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही.

मग गेल्या वर्षी याच मुली पळाल्या कशा? वाचकहो, खरी मेख इथेच आहे. त्या एका वर्षाने मोठ्या झाल्या. उंची वाढली, त्यासाठी रक्त जास्त लागते. अनेकींची पाळी सुरू झाली, दर महिन्याला लोह बाहेर जाऊ लागले. सराव वाढला. ताटातले जेवण मात्र तेवढेच राहिले. पहाटे सहाचा सराव, पोटात चहा-बिस्किट. शिल्लक संपली आणि संघ थांबला.

हे एका शाळेचे दुखणे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभर मुलींपैकी 59 जणींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्येही 31. शाळांतून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे, सोबत वर्षातून दोनदा जंताची गोळी. पण मळमळते, शौचास काळे होते म्हणून मुली गोळी दप्तरात टाकतात. काळे होणे हे लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळही कमी होते.

आता आहाराबद्दल. बीट आणि डाळिंब लाल दिसते म्हणून रक्त वाढते, हा गैरसमज आहे. मोड आलेली मटकी, हरभरा, हाळीव, पालेभाज्या, मांसाहारी घरात मटण-कलेजी, हे खरे उपयोगी. वर लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट होते. तासभराचे अंतर ठेवा. भाजीला लोखंडी कढई वापरा. मात्र हिमोग्लोबिन 8 वर आल्यावर नुसत्या आहाराने भागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजच्या गोळ्या लागतात, आणि आकडा सुधारल्यावरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात. महिन्याभरात फरक दिसला नाही तर पुढच्या तपासण्या करा. पाळीत फार रक्त जाते का, हे आईने मोकळेपणाने विचारावे. विदर्भात आणि आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी आधीच करावी. तो आजार असलेल्या मुलीला दमेपर्यंत पळवणे धोक्याचे असते.

त्या मुलीची आई रिपोर्ट पाहून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आता हिचा खेळ बंदच करते." मी म्हटले, "ताई, खेळाने तिचं रक्त कमी केलेलं नाही. खेळत होती म्हणून आपल्याला कळलं. घरी बसली असती तर लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणात कळलं असतं, आणि तेव्हा जिवावर बेतलं असतं." महिनाभर जोराचे पळणे बंद ठेवायचे, मैदानावर मात्र यायचे, असे आम्ही ठरवले. सरांनी सरावाआधी मूठभर शेंगदाणे-गूळ आणि केळे द्यायचे कबूल केले.

माझे म्हणणे एवढेच. शाळा संघासाठी गणवेश घेते, बूट घेते. त्याच यादीत वर्षातून दोनदा रक्ततपासणीही हवी. एका तपासणीला एका फुटबॉलपेक्षा कमी खर्च येतो, सरकारी दवाखान्यात तोही नाही. मुलगी पळेनाशी झाली तर तिला आळशी म्हणण्याआधी तिच्या डोळ्याची पापणी ओढून पाहा. हे मी सरांना सांगतो, आई-वडिलांना सांगतो, आणि सर्वांत आधी माझ्यासारख्या डॉक्टरांना.