फोनच्या आयुष्यातही वर्गभेद!

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला लाखाच्या घरातला फोन हवा काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपेरा शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवरून नोंदवावा, अशी शासनाची व्यवस्था आहे. उसाच्या फडाचे छायाचित्र आणि जागेची खूण मध्यम किमतीचा फोनही पाठवतो. बांधावर महागडा फोन अधिक काही करीत नाही. (मिरवता येतो, एवढेच!) खरा भेद आयुष्याचा आहे. २०२४ साली सॅमसंगने ऐंशी हजारांच्या एस-२४ ला सात वर्षे सुरक्षा-सुधारणांची हमी दिली. तीस हजारांच्या ए-३५ ला पाचच. ज्याला नवा फोन परवडत नाही, त्याचेच बँकव्यवहार आधी असुरक्षित व्हावेत? फोन गरजेचा करणाऱ्या शासनाने ही मुदत सर्वांना समान करण्याची सक्ती कंपन्यांवर केली पाहिजे. १८ टक्के कर तर ते दोघांकडूनही सारखाच घेते!